दिवा जळतोय

आरशाच्या डाव्या कडेला डिंकाचे चार डाग होते. दासननं गळ्याभोवती फडकं गुंडाळलं, गालांना फेस फासला, पातं अर्धं मोडून वस्तऱ्यात बसवलं, तोवर प्रेमराजनचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. मग गेलं. गेली चार वर्षं त्या चार डागांच्या मध्ये तो स्वतः होता. वर्तमानपत्राचं कात्रण, कमरेला दोर, अंगभर चिखल, छातीशी मांजराचं ओलं पिल्लू आणि सगळे दात दाखवून हसणारा लीडिंग फायरमन प्रेमराजन. दर महिन्याला केस कापायला बसलं की आपण काही त्या फोटोकडं बघत नाही असं दाखवत तो बघायचा. खोटं कशाला बोला, बघायचाच. दुसरं गिऱ्हाईक असलं तर दासन हटकून कात्री थांबवायचा, म्हणायचा, "ओळखलंत का? हेच ते!" आणि प्रेमराजन उगाच मान हलवायचा, जाऊ दे रे, अशी. आता तिथं डाग होते आणि डागांमधला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा जरा उजळ होता. "कात्रण कुठं गेलं रे?" त्यानं विचारलं, आणि आवाज शक्य तितका सहज ठेवला. दासन हनुवटीपाशी वाकला. "भिंत रंगवायचीय, एट्टा." एट्टा म्हणजे दादा, सगळे त्याला तसंच म्हणत. "कधी?" "बघू की. ओणमच्या आधी." ओणमला अजून पाच महिने होते. पातं गळ्यावरून वर सरकत होतं. दासननं मग स्वतःच विषय काढला, लोक काढतात तसा, मुद्दाम भलतीकडून. "आज एवढी घोटून दाढी? सत्कार-बित्कार आहे की काय?" "सही करायचीय एके ठिकाणी." "अस्सं," दासन म्हणाला, आणि कसली सही ते त्यानं विचारलं नाही. कोळिकोडमध्ये न विचारणारा न्हावी म्हणजे ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे असा न्हावी.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सहीसाठी तीनला बोलावलं होतं, त्याला अजून दीड तास होता आणि चौकशीचं ऑफिस चालत वीस मिनिटांवर. घरी जावं तर बायको ताट वाढून समोर बसेल आणि काही न बोलता माशाचा काटा काढून देईल. तिचं ते न बोलणं त्याला आता सोसत नव्हतं. तो चालत राहिला. कोपऱ्यावरच्या गाड्यावर पळम्पोरी तळली जात होती. पिकल्या केळ्याचा आणि जुन्या तेलाचा वास आला, तसा त्यानं रस्ता ओलांडला. काल संध्याकाळी कोशी सारांनी फोनवर कागद वाचून दाखवला होता. कोशी सार म्हणजे डिव्हिजनचे साहेब, चौकशी त्यांच्याकडं. माणूस प्रेमळ, वाचतानासुद्धा मधूनमधून थांबून विचारत होते, ऐकतोयस ना, प्रेमराजा? 'पथकप्रमुखानं श्वसनसंच आल्याखेरीज कुणीही उतरू नये अशी स्पष्ट मनाई केलेली असताना फायरमन शिजिल यांनी स्वतःच्या निर्णयानं विहिरीत प्रवेश केला.' एवढंच वाक्य. बाकीचा कागद वेळा, अंतरं आणि गाड्यांचे नंबर यांनीच भरलेला. "घरच्यांचं काही अडणार नाही," सार म्हणाले होते, "ते सगळं मी बघतो. फक्त आज्ञाभंग हा एक शब्द राहील. कुणावर तरी तो बसणारच ना रे? जिवंत माणसावर बसवण्यापेक्षा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. म्हणजे येत्या चौदा एप्रिलला, अग्निशमन दिनी, कवायतीच्या मैदानावर कामावर असताना मेलेल्यांची नावं वाचतील, त्यात शिजिलचं नाव नसेल. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. नियम मोडून मेलेल्याचं नाव वाचत नाहीत. आणि प्रेमराजन पहिल्या रांगेत ताठ उभा असेल, टोपी काढून.

आणि वाक्य खोटं होतं का? इथंच तर सगळी गोम होती. मनाई त्यानं केली होती, पथकप्रमुख तोच होता. घसा फाटेस्तोवर ओरडला होता, "संच येईपर्यंत एकानंही आत उतरायचं नाही!" भोवतीच्या गर्दीतल्या निदान दहाजणांच्या फोनमध्ये ते ओरडणं होतं. त्यातला एक व्हिडिओ कोशी सारांनी मिळवला होता आणि त्यावरच सगळा कागद उभा केला होता. त्यात प्रेमराजन दिसत होता, उस्मान ड्रायव्हरची कॉलर धरलेला, कठड्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून. फक्त ते ओरडणं शिजिल आत पडल्यानंतरचं होतं. मनाई झाली होती, माणूसही मेला होता, वेळ तेवढी मागंपुढं झाली होती. तो मनात हे कितीदा तरी उलटसुलट करून बघत होता. पहिल्यांदा बघताना लाज वाटली होती. परवापासून थोडी सवय व्हायला लागली होती, आणि त्या सवयीचीच त्याला आता जास्त धास्ती वाटत होती.

पुतियरा वस्तीच्या मागच्या गल्लीतलं कल्याणी टीचरचं घर, जांभ्या दगडात खणलेली साठ फूट विहीर, मार्च संपत आलेला. या दिवसांत घरोघरी विहिरी उपसून गाळ काढतात. पाणी इतकं खाली जातं की वरून पंप ओढत नाही, मग भाड्याचा पेट्रोलचा पंप दोरानं आत सोडून कपारीवर ठेवतात आणि तिथंच चालवतात. सगळेच तसं करतात, करू नये हे सगळ्यांना ठाऊक असूनही. उपसणारी माणसं पंप वर काढून जेवायला गेली होती, विहिरीवरची जाळी काढलेली, आणि टीचरची शेळी फणसाच्या पानांसाठी कठड्यावर चढली ती थेट आत. गाडी पोचली तेव्हा खालून आवाज येत होता, शेळीचा वाटू नये असा, लांबलेला, मध्येच तुटणारा. टीचर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, शिस्तीच्या बाई. त्या पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. "मी शेळी पाळलीय का, पोर पाळलंय," एवढंच त्या म्हणाल्या. श्वसनसंच पहिल्या गाडीबरोबर गेलेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला काथ्याचं गोदाम पेटलं होतं. कंट्रोलनं सांगितलं, चाळीस मिनिटं. नियम सांगत होता, थांबा. नियम प्रेमराजनला तोंडपाठ होता. नव्या पोरांना तोच शिकवायचा, आणि शिकवून झालं की डोळा मारून म्हणायचा, "ज्यानं हे लिहिलं ना, त्याला विहिरीतनं कधी हाक आलेली नाही." पोरं हसायची. शिजिल सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

त्याआधी तीन वेळा तो संचाविना उतरला होता. एकदा मांजर, एकदा कुत्री आणि तिची पिल्लं, एकदा वासरू. उस्मान त्याच्याशी भांडायचा. उस्मान दहा वर्षं त्याची गाडी चालवत होता आणि तोंडावर बोलायची त्याला मुभा होती. "प्रेमेट्टा, माणूस असता तर मी तुमच्या मागनं उडी टाकली असती. पण वासरू? उद्या बेडकासाठी उतराल." "बेडूक ओरडला तर उतरीन." "तुम्ही बेडकासाठी नाही हो उतरत, तुम्ही त्या फोनवाल्यांसाठी उतरता!" गाडीतले सगळे हसले होते, तोही हसला होता, पण रात्री अंथरुणावर ते वाक्य कानांतून हटलं नव्हतं. कारण वासराच्या वेळी, वर येताना, डोकं कठड्याच्या वर निघायच्या आधी त्यानं चेहऱ्यावरचा चिखल हातानं थोडा पुसला होता. कशाला पुसला होता? आणि ज्या आठवड्यात 'प्राण्यांसाठी विनासंच उतरल्यास कारवाई होईल' असं पत्रक आलं, त्याच आठवड्यात याच कोशी सारांच्या सहीचं शाबासकीचं पत्रही आलं होतं, मांजराबद्दल. दोन्ही कागद स्टेशनच्या फळ्यावर शेजारीशेजारी टाचलेले होते आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शिजिलला तर नाहीच. त्यानं पत्राचा फोटो काढून घरी पाठवला होता.

बसस्टॉपच्या सावलीत तो टेकला. बस आली, गेली. कंडक्टरनं दारातून वाकून "मानांचिरा, मानांचिरा" अशी आरोळी दिली आणि हा उठत नाही म्हटल्यावर शिवी हासडली. त्या दिवशीसुद्धा गर्दीतून कुणीतरी ओरडलं होतं, "काय हो, फायर फोर्स की फोटो फोर्स? शेळी मेल्यावर उतरणार का?" तोपर्यंत त्यांनी जे करायचं ते केलं होतं. फणसाची फांदी दोराला बांधून वीस वेळा सपासप वरखाली केली, हवा ढवळायला. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावून खाली सोडली. ती तळापर्यंत जळत गेली आणि जळत राहिली. आज्यापणज्यांपासून विहिरीत उतरणारा प्रत्येक माणूस असाच दिवा सोडत आला आहे. पण प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या बुटक्या, खोकणाऱ्या मास्तरानं फळ्यावर खडू आपटून सांगितलं होतं की खाली श्वास घेण्यापुरती हवा आहे की नाही एवढंच दिवा सांगतो, इंजिनाच्या धुराचं विष त्याला कळत नाही, त्या विषात तो मजेत जळतो, आणि जोरजोरात श्वास घेत राबणारा माणूस आधी पडतो. हे सगळ्या स्टेशनात फक्त प्रेमराजनला पक्कं आठवत होतं, कारण त्यानं परीक्षेत तेच लिहून पहिला नंबर काढला होता. आणि कठड्याला टेकून पंप उभा होता. त्याच्यावर ओल्या गाळाचे शिंतोडे होते. त्यानं हात टेकला आणि चटका बसून झटकन मागं घेतला. इंजिन गरम होतं. म्हणजे आत्ता, अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ते खाली चालू होतं. विहीर त्या धुरानं भरलेली असणार, आणि फणसाच्या फांदीनं त्याचा फक्त वास उडाला असणार. एवढं सगळं त्याला तळहात पोळतानाच कळलं, शब्दांशिवाय. मग गुडघ्यात कळ आली. "शिजिल, गुडघा धरला रे," तो म्हणाला. शिजिलनं तोवर बूट काढलेही होते. "दिवा, एट्टा?" त्यानं विचारलं, सवयीनं, हेल्मेटचा पट्टा आवळता आवळता. आणि प्रेमराजन म्हणाला, "दिवा जळतोय."

एवढे दोनच शब्द. त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं 'उतर' म्हटलं नव्हतं, 'नको उतरू' म्हटलं नव्हतं. शिजिल उतरला. त्याच्यासोबत सोडलेलं दोराचं जाळं आधी शेळीला घेऊन वर यायचं, रिकामं होऊन परत खाली जायचं आणि मग माणूस वर, अशीच पद्धत. शेळी वर आली, मातीनं लडबडलेली, मान टाकलेली. टीचरनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. शेळीनं एकदा अंग झाडलं, कान हलवले, धडपडत उठली, आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. शिट्ट्या पडल्या. प्रेमराजनही तिकडंच बघत होता. किती वेळ? तो कोशी सारांना म्हणाला होता, काही सेकंद. ते काही सेकंद नव्हते. त्यानं चांगला जीव भरून बघितलं होतं, ओठांवर हसू आलेलं त्याला आठवत होतं, आणि मनात आलं होतं, बघा, झालं ना नीट, उगाच घाबरलो. मग वळला तर दोर सैल. "शिजिल!" खालून काही नाही. "शिजिल!" उस्माननं शर्ट काढून कठड्यावर पाय टाकला आणि मग त्यानं उस्मानची कॉलर धरली आणि तो ओरडला, ते कागदात आलेलं ओरडणं.

कोशी सारांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांनी त्याला बसवलं, कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा मागवला, स्वतःच्या हातानं साखर घातली. "तोंड किती उतरलंय तुझं. झोपतोस का रे?" तो म्हणाला, झोपतो. "बघ, मी तुला एक विचारतो, चौकशीत नाही, असंच. तू मनाई केलीस. हो ना?" प्रेमराजननं मान हलवली. "झालं तर मग," सार म्हणाले आणि कागद पुढं सरकवला. मग खिडकीबाहेर बघत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "हे सगळं उघड केलं ना, तर उद्यापासून प्राण्यांचे फोन घेणंच बंद करतील वरून. मग शेळ्या-मांजरं मरू देत सगळी. ते तुला चालेल? तूच तर एवढा जीव टाकणारा." प्रेमराजनला वाटलं, आता म्हणावं. इंजिन गरम होतं, सार. चार शब्द. जिभेच्या टोकाशी आलेसुद्धा. पण खोलीत इतका जिव्हाळा होता, चहात साखर इतकी नेमकी पडलेली, की तिथं तसलं काही बोलणं म्हणजे यजमानाच्या घरी ताटात थुंकणं झालं असतं. गुडघा कसा आहे, सारांनी विचारलं. बरा आहे, तो म्हणाला. आणि त्यानं सही केली. सही नेहमीसारखीच आली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. त्याचीच त्याला शिसारी आली.

जिन्याखालच्या बाकावर लिजिना बसली होती, शिजिलची बायको. मांडीवर प्लास्टिकची फाइल, पायांत वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असलेल्या चपला, घाईत घालून आलेल्या असाव्यात. तिला साडेतीनला बोलावलं होतं, दाखले द्यायला. पाय काढता घ्यावा असं त्याला वाटलं, पण जिना एकच होता. "प्रेमेट्टा," ती उठून उभी राहिली, "झाली सही?" "झाली." "काय लिहिलंय?" तो भिंतीकडं बघत म्हणाला, "तो... सांगून ऐकला नाही, असं." लिजिनानं त्याच्याकडं बघितलं. मग तिला हसूच आलं, रडण्याच्या अगदी काठावरचं. "तुमचं ऐकला नाही? शिजिल? अहो, घरात नळ गळायला लागला तरी म्हणायचा, थांब, प्रेमेट्टाला विचारतो. मी चिडवायचे त्याला, लग्न माझ्याशी केलंयस की त्यांच्याशी?" जिन्यावरून एक शिपाई फायली घेऊन गेला, दोघं बाजूला झाली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेळीसाठी उतरला याचा मला राग नाही. टीचर आल्या होत्या घरी. पाय धरायला लागल्या माझे, मीच उठवलं. लोक म्हणतात, जनावरासाठी कुणी जीव देतं का. मी म्हणते, त्याला तो आवाज ऐकून उभं राहवलं नसेल, तसाच होता तो. मला वेगळंच कळत नाही. दर वेळी तुम्ही उतरायचात. तो मला सांगायचा, एट्टा कुणाला उतरूच देत नाहीत, म्हणतात, तुम्ही लेकुरवाळे, मी म्हातारा. मग त्या दिवशी तुम्ही का नाही उतरलात?"

गुडघा, हा शब्द तयार होता. डॉक्टरला सांगितला होता, बायकोला, सारांना, उस्मानला. इतकेदा सांगितला होता की अलीकडं खरंच दुखायला लागला होता. त्यानं तोंड उघडलं आणि तो शब्द बाहेर येईना. तो बाकावर बसला. "दोर माझ्या कमरेला होता," तो म्हणाला. "मी बांधला होता. गाठ मारून झाली होती. मग हात पंपाच्या इंजिनाला लागला. गरम होतं. आत विषारी धूर असणार हे मला कळलं. मेणबत्ती जळली तरी असतो तो, आम्हाला शिकवलेलं असतं. मला कळलं आणि मी दोर सोडला."

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं, मोठ्यानं. "सांगितलं असतं तर कुणालाच उतरता आलं नसतं," तो म्हणाला. "शेळी ओरडून ओरडून मेली असती आणि मी नुसता उभा. सगळे फोन काढून उभे होते, लिजिना. मला सगळे ओळखत होते. घाबरलो म्हणायची लाज वाटली. आणि वाटलं... वाटलं की तो तरणा आहे, झटकन येईल वर, त्याला नाही काही होणार. मी अंग चोरलं. नियम मी पाळला गं. फक्त स्वतःपुरता पाळला."

ती रडली नाही. फाइल छातीशी धरून ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. प्रेमराजनला वाटलं, मारील, थुंकेल, ओरडेल, काहीतरी करील. तिनं तसलं काहीच केलं नाही, आणि त्याला तिच्याकडं बघवेना. मग ती म्हणाली, "हे वर सांगितलंत?"

"नाही."

"मग उठा."

"लिजिना, सही झालीय आता, ते लोक..."

"मी एकटी गेले तर मला चहा पाजतील आणि घरी पाठवतील. उठा म्हणते ना."

ती पुढं, तो मागं. जिन्याच्या वळणावर ती क्षणभर थांबली, धापेनं की कशानं, पण मागं वळून बघितलं नाही. दार लोटलं तेव्हा कोशी सार त्याच कागदावर शिक्का उठवत होते. त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, शिक्का हातातच राहिला. "ये, ये, बाळ. बस," ते तिला म्हणाले. आणि त्याला, "काय रे, काही राहिलं?" प्रेमराजन दाराशीच उभा राहिला. पंखा कुरकुरत होता. लिजिनानं टेबलापुढची खुर्ची ओढली. सारांना वाटलं, ती बसणार. तिनं ती प्रेमराजनच्या पायांशी आणून ठेवली.

"बसा," ती म्हणाली, "आणि पहिल्यापासून सांगा. दोर कुणाच्या कमरेला होता, तिथपासून."